इंजेक्शन नको म्हणून सांगितलंय, आधी पूर्ण वाचा

आई, बाबा,

फोनवर बोलले असते तर आईने मधेच फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी 'हं' करून ठेवला असता, म्हणून लिहितेय. टाचेचं इंजेक्शन मी घेणार नाहीये आणि पळणंही पूर्ण बंद करणार नाहीये. ठरलंय माझं. चिडू नका.

तीन आठवड्यांत मी पळणं जवळजवळ दुप्पट केलं, चूक माझीच, टेंडनला, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या मागच्या जाड दोरीला, झेपलं नाही. ही सूज कमी आणि आतले कोलॅजनचे धागे विस्कटणं जास्त आहे. त्या इंजेक्शनातल्या स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं पण टेंडन तुटायची भीती असते. आणि आई, तुझं 'पाय टेकवूच नकोस' पण करून बघितलं गं, दहा दिवस. उठून पळाले तर परत तेच, कारण नुसतं पडून राहिलं की ते अजून कमजोर होतं.

म्हणून आता जिन्यात उभी राहते, चवडा पायरीवर, टाच हवेत. वर जाताना दोन्ही पाय, खाली येताना फक्त दुखरा, अगदी सावकाश. १५ च्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८०, असं १२ आठवडे. आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश सर्जनने १९९८ मध्ये १५ जणांकडून हेच करून घेतलं, सगळे परत पळायला लागले. दुखतं, पण १० पैकी ५ पर्यंत चालतं म्हणे, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं. कठडा धरून करते. जेवते वेळेवर, झोपही होते, खरंच.

परवा फिजिओने टाचेच्या चार बोटं वर अंगठ्याने दाबलं आणि मला रडायलाच आलं. तिला वाटलं दुखलं. बाबा, त्या गच्चीच्या वेळी तुम्ही रात्रभर माझा पाय मांडीवर घेऊन असंच दाबत बसला होतात ना, एक शब्द न बोलता.

आता तुमचं. सकाळी पहिली दहा-वीस पावलं भिंत धरून टाकता, कळलंय मला (आईवर रागावू नका). माझंही तस्संच होतं. डॉक्टरांना दाखवा, माझं वाचून पायरीवर चढू नका, दुखणं टाचेच्या हाडापाशीच असेल तर टाच पायरीखाली न्यायची नसते. आणि कपाटातल्या त्या उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, साठीनंतर त्यांनी टेंडन तुटायचा धोका वाढतो. ओरडत नाहीये, पण टाका त्या. आई, टाकल्या की फोटो पाठव.

तुमची,
बबडी