रिपोर्ट छापून झाल्यावर लोकांना कशाला विचारता?

संपादक साहेब,

पर्यावरणाच्या धोक्यावरच्या कुठल्याही रिसर्चमध्ये हल्ली स्टेकहोल्डर, म्हणजे ज्यांचा त्या विषयाशी थेट संबंध आहे ती माणसं, हा शब्द असतोच, पण होतं काय तर नमुने घेऊन झालेले, मॉडेल चालवून झालेलं, रिपोर्ट बाइंडिंगला गेलेला आणि मग एक मीटिंग लावायची, स्लाइड दाखवायच्या आणि विचारायचं, काही शंका? याला सहभाग म्हणत असतील तर बोलणंच खुंटलं.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या स्फोटानंतरचं इंग्लंडमधल्या कंब्रियाचं बघा. १९८६ ला पावसातून किरणोत्सर्गी सीझियम तिथल्या डोंगरांवर पडलं, मेंढ्या विकायला बंदी आली आणि शास्त्रज्ञ म्हणाले तीन आठवड्यात सगळं सुरळीत होईल. त्यांचा हिशोब चिकणमातीवरचा, ती सीझियम धरून ठेवते, पण डोंगरावरची पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती, ते सोडत राहते, ते गवतात जातं आणि गवतातून मेंढीत. शेवटचे निर्बंध उठले २०१२ ला! मधे एक प्रयोग केला, कुरणावर बेंटोनाइट ही सीझियम धरून ठेवणारी चिकणमाती टाकून फरक पडतो का बघायला मेंढ्या कुंपणात ठेवल्या. शेतकरी सांगत होते की अहो मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढी कोंडली की खंगते, मग तुमचे आकडे काय कामाचे? कोणी ऐकलं नाही, पुढे प्रयोग गुपचूप गुंडाळला.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातही तेच, २०१४ ला पाण्याचा सोर्स बदलला, लोक रंगाची-वासाची तक्रार करत राहिले, अधिकारी म्हणत राहिले पाणी सेफ आहे, शेवटी २०१५ ला रहिवाशांनीच व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या टीमसोबत घरोघरच्या नळांचे नमुने घेतले तेव्हा शिसं किती आहे ते उघड झालं.

कोणी म्हणेल सामान्य माणसाला मायक्रोग्रॅम काय कळतात. नसतील कळत, मोजणं तुमचंच काम, पण कुठे मोजायचं, कुठल्या महिन्यात, नदीतले मासे कोण रोज खातं आणि कोण कधीच नाही हे तिथे राहणाराच सांगणार, तुमच्या मॉडेलमधला सरासरी माणूस नाही.

आणि हो, कंपनीपण स्टेकहोल्डरच, पण ती पगारी माणूस पाठवते, मजुराचा मात्र रोज बुडतो. त्याची भरपाई रिसर्चच्या बजेटमध्येच धरा, नाहीतर मीटिंगला कोण येणार ते आधीच ठरलेलं असतं. लोकांना प्रश्न ठरवायच्या पहिल्याच बैठकीला बोलवा आणि त्यांनी सांगितलेलं काय घेतलं, काय सोडलं आणि का, हे रिपोर्टमध्ये छापा.

- एक वाचक