भाडेकरूंच्या वस्तीत कायद्याच्या मोफत मदतीचे टेबल हवे

महोदय,

अकरावी-बारावीबरोबर नीटची तयारी करणाऱ्या मुलीसाठी मी गेली दोन वर्षे लातूरच्या ट्यूशन एरियाजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहते. परभणी जिल्ह्यातले घर आणि शेती माणसांवर सोपवून, केवळ लेकरांच्या जेवणाखाण्यासाठी इथे येऊन राहिलेल्या आया आमच्या एका गल्लीतच सात-आठ आहेत.

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून एका डीजेवाल्याचे पत्र्याचे शेड आहे. लग्नसराईत वरात आटोपून गाडी रात्री साडेअकराच्या सुमारास परत येते आणि सामान उतरवताना प्रत्येक बॉक्स एकदा वाजवून पाहिला जातो. त्या अर्ध्या-पाऊण तासात खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरच्या ताटवाट्या वाजू लागतात आणि मुलगी कानात कापसाचे बोळे घालून जीवशास्त्राचे पुस्तक नुसतेच मांडीवर धरून बसते. नीटची परीक्षा मे महिन्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत येते, हे इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

घरमालकांना सांगितले, तर ‘त्याचा धंदा आहे, पटत नसेल तर खोली खाली करा’ असे उत्तर मिळाले. एकदा ११२ क्रमांकावर फोन केला. पोलीस आले, आवाज त्या रात्रीपुरता थांबला. पण तक्रार कोणी केली हे सकाळी साऱ्या गल्लीला कळले होते. लेखी तक्रार द्यायला गेले, तेव्हा भाडेकरार मागण्यात आला आणि आमचा करार नुसताच मुद्रांकावर लिहिलेला, नोंदणी नसलेला निघाला. वकिलाकडून नोटीस पाठवण्याची चौकशी केली, तर सांगितलेली फी आमच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त होती. भाडेकरू गप्प बसतो तो इथे.

पुढे न्यायालयाबाहेर बसणाऱ्या एका टंकलेखकाने मला आत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जायला सांगितले, तेव्हा पहिल्यांदा समजले की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला आणि वकील मिळतो, तर इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे आमच्या गल्लीतली प्रत्येक आई आणि अठरा वर्षांच्या आतला प्रत्येक विद्यार्थी या मदतीला आजही पात्र आहे. तिथेच हेही कळले की ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. त्रास होणारी व्यक्ती घराची मालक असावी, अशी अट या नियमांत कुठेही नाही. तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलेही आहे. कराराच्या नोंदणीची जबाबदारी तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने घरमालकावरच टाकली आहे. ती न करणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद आहे आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत असते, तर अनामत रक्कम बुडण्याच्या भीतीने मी इतके दिवस काढले नसते.

माझ्या साध्या कागदावरच्या अर्जावरून दोन्ही बाजूंना बोलावण्यात आले आणि रात्री नऊनंतर बॉक्स वाजवून पाहायचा नाही, असे लेखी ठरले. शेजाऱ्यानेही ते पाळले, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. त्याचे पोट त्या धंद्यावर आहे आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या त्यालाही नकोच होत्या. अशा तंट्यांत खटल्याआधी समोरासमोर बसवून देणारे कोणी असणे, हीच खरी मदत आहे असे माझे मत झाले आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की प्राधिकरणाने आठवड्यातून निदान एक संध्याकाळ ट्यूशन एरियात एक टेबल आणि एक वकील बसवावा, कारण शिकवणीच्या आणि डब्याच्या वेळा सांभाळणारी बाई दुपारी न्यायालयापर्यंत जाऊ शकत नाही. १५१०० हा मोफत मदतीचा क्रमांक प्रत्येक शिकवणीच्या आणि मेसच्या दारावर मराठीत लावावा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्यातही पाळी करून येऊन दिवसा झोपणारे कामगार भाड्याच्याच खोल्यांत राहतात. तिथेही हीच सोय व्हावी.

जूनमध्ये नवी मुले आणि त्यांच्या आया खोल्या शोधत येतील आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई पुन्हा सुरू होईल. त्याआधी हे पहिले टेबल मांडले जावे.

आपली,
एक भाडेकरू पालक, लातूर