बायबलचे वचन दाखवून योजना विकू नका

महोदय,

फसव्या गुंतवणूक योजनांविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. त्याला आम्हा ख्रिस्ती लोकांपुरती पुरवणी जोडतो.

मी बरीच वर्षे मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो. उपासना संपली की माहितीपत्रके घेऊन दाराशी थांबणारा मंडळीतला एखादा भाऊ मी चांगला ओळखतो. "प्रभूनं दार उघडलंय, दोन वर्षांत दुप्पट!" हे त्याचे पालुपद. कागदपत्रे मागितली की मागणाराच अल्पविश्वासी ठरतो.

दोन वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल ४१ टक्क्यांहून जास्त. इतक्या परताव्याची हमी कोणी देत असेल, तर तो कितीही प्रार्थनाशील असो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. अशा विक्रेत्यांना बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातला दाखला तोंडपाठ असतो: धन्याने सोपवलेल्या पैशांतून सेवकाने पाचाचे दहा केले. पण धनी 'बऱ्याच काळाने' परत आला आणि मग हिशेब घेऊ लागला, हे १९ वे वचन कोणी वाचून दाखवत नाही. हिशेब मागणे अविश्वास असेल, तर प्रेषित पौलाचे काय करायचे? यरुशलेमेसाठी जमवलेली वर्गणी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). खजिनदार झाल्यावर सगळ्यात आधी मी तो अध्याय वाचला होता.

दुसरे टोकही आहेच. 'देव पाहून घेईल' म्हणून विमा न काढणारे कर्ते पुरुष मी पाहिले आहेत. स्कॉटलंडमधील रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर हे दोघेही पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पाळकांच्या विधवा-मुलांसाठी त्यांनी मृत्युदराची गणिते मांडली आणि त्यातून १७४४ मध्ये निधी उभा राहिला. त्यांचा विश्वास काही कमी नव्हता.

नवविवाहितांना मी क्रम सांगतो. आधी चर्चला द्यायचे अर्पण, मग सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, मग मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स). गुंतवणूक त्यानंतर, आणि तीही एकाच ठिकाणी नको. सात-आठ वाटे करण्याचा सल्ला बायबलमधील 'उपदेशक' या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहेच. बायबलमधल्या योसेफाने मिसरात सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढला होता. तेवढे जमत नसेल तर दहावा काढा, पण पगाराच्या दिवशी काढा. कर्ज काढून दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला, देणारेही भेटतात. त्यांनी आधी सावकार फेडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाळकांना ते पटत नाही, तो वाद चालू राहील. आणि जामीन राहण्याबद्दल बायबलमधील 'नीतिसूत्रे' या पुस्तकाने इतक्यांदा बजावले आहे की मी वेगळे काय सांगणार?

पाळक आणि मंडळीच्या पंचांना विनंती एकच: कोणत्याही योजनेची घोषणा व्यासपीठावरून करू देऊ नका, आणि मंडळीच्या सभासदांची यादी विक्रेत्यांच्या हाती देऊ नका.

— एक निवृत्त खजिनदार