संशोधनाच्या लेखाला संपादक हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संशोधन सामान्य वाचकांपर्यंत पोहोचत नाही, अशी ओरड झाली की खापर शास्त्रज्ञांच्या बोजड भाषेवर फुटते. ते काही अगदीच खोटे नाही. पण संशोधकासमोर बसून 'म्हणजे नेमके काय सापडले?' असे विचारणारा संपादक मध्ये नसतो, हे त्याहून मोठे दुखणे आहे.

या कामात आयुष्य घातलेले एक संपादक म्हणजे डेनिस फ्लॅनागन. 'सायंटिफिक अमेरिकन' हे अमेरिकेतील विज्ञान मासिक 1948 मध्ये नव्या रूपात आले, तेव्हापासून 1984 पर्यंत ते त्याचे संपादक होते. लेख शास्त्रज्ञांकडूनच लिहून घ्यायचे आणि मग जाणत्या पण त्या विषयात नवख्या वाचकाला समजेपर्यंत त्यावर काम करायचे, ही त्यांची रीत. एप्रिल 1950 च्या अंकासाठी भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी हायड्रोजन बॉम्बवर लेख दिला होता. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्यातील मजकुरावर हरकत घेतली आणि छापून झालेल्या 3,000 प्रती जाळण्यात आल्या. मजकूर वगळूनच लेख प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की त्यातली तांत्रिक माहिती आधीच जाहीर झालेली होती! इकडेतिकडे विखुरलेली असेपर्यंत तिचे कुणाला काही वाटले नाही. चारचौघांना कळेल अशा भाषेत आली, तेव्हा मात्र सरकारला घाम फुटला.

सोपे करणे म्हणजे अवघड शब्द काढून टाकणे, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. 'या सवयीने आजाराचा धोका 50 टक्क्यांनी वाढतो' हे वाक्य सोपेच आहे. पण आधी 10,000 पैकी दोघांना होणारा आजार आता तिघांना होत असेल, तरी ते तितकेच खरे. वाचक मात्र धास्तावतो. 'कितीवरून किती?' हे संपादकाने तिथल्या तिथे विचारायला हवे. प्रयोग उंदरांवर झाला असेल, तर 'उंदरांवर' हा शब्द शेवटच्या परिच्छेदात दडवू नये. लेख कापताना पहिली कात्री नेमकी 'कदाचित', 'या गटापुरते' अशा शब्दांवर चालते. संशोधकाने ते विचारपूर्वक घातलेले असतात. अशी कापाकापी झाली, की तो पुन्हा वृत्तपत्रासाठी लिहायला तयार होत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

2011 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'द कन्व्हर्सेशन' या संकेतस्थळाने यावर तोडगा काढला. तिथे लेखक विद्यापीठातला संशोधक, संपादक पत्रकार, आणि लेखकाने अंतिम मसुद्याला होकार दिल्याशिवाय लेख प्रसिद्ध होत नाही.

आपल्या पुरवणीतही हे करता येईल. अंतिम मसुदा मथळ्यासकट लेखकाला दाखवावा. लेखावर ज्याने मेहनत घेतली, त्या संपादकाचे नावही लेखाखाली छापावे. मथळा भडक निघाला, तर पत्र कोणाच्या नावे लिहायचे, तेही त्यामुळे आम्हाला कळेल.

आपली,
एक नियमित वाचक