सीडीच्या इमेज फाइली ‘करप्ट’ म्हणून उडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावोगावच्या वाचनालयांनी, शाळांनी, मंडळांनी जुन्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, म्हणजे प्रत्येक सीडीची एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल (‘इमेज’) केली, हे फार चांगलं झालं, कारण सीड्या खराब होतात आणि नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच येत नाही. पण एकदा का एक्स्टर्नल डिस्क चालू असताना लाइट गेली किंवा कुणी वायर तशीच उपसली की पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासतं आणि ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशा बिननावाच्या फाइली टाकून मोकळं होतं. आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात नेमकं हेच झालं, व्याख्यानमालेच्या आणि हौशी नाटकांच्या सीड्यांच्या इमेज होत्या त्या, आणि रिपेअरवाला म्हणाला करप्ट आहेत, उडवा, जागा होईल. असं आणखी किती ठिकाणी होत असेल या विचाराने जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

नाव गेलं म्हणजे आतला डेटा गेला असं नसतं. कुठल्या प्रकारची फाइल आहे हे शेवटच्या .आयएसओ वगैरे अक्षरांवर ठरतच नाही, ते आत ठराविक जागी लिहिलेल्या खुणेवर ठरतं, तिला फाइल सिग्नेचर म्हणतात. गोची अशी की फोटोची किंवा पीडीएफची खूण अगदी पहिल्याच बाइटला असते आणि सीडीच्या इमेजची नसते. सीडीवरचा डेटा सेक्टर नावाच्या तुकड्यांत असतो, त्यातले पहिले १६ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइटचे, मुद्दाम सोडलेले असतात, डेटा सीडीत ते बहुतेक वेळा नुसते शून्यांनी भरलेले. त्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून वरवर बघणाऱ्याला वाटतं फाइल रिकामीच आहे!

एचएक्सडी नावाचा फुकट हेक्स एडिटर (फाइलीतला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) घ्या, फाइल त्यात उघडा आणि हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायाच्या आकड्यांत, ८००० या ऑफसेटला (फाइलीतल्या जागेला) जा, पुढे दिलेल्या जागाही हेक्समधल्याच. तिथे ०१ ४३ ४४ ३० ३० ३१ ०१ असे बाइट दिसले आणि उजव्या बाजूला इंग्रजी कॅपिटलमध्ये सीडी००१ वाचता आलं की समजा ती आयएसओ ९६६० (डेटा सीडीची ठरलेली मांडणी) ची इमेज आहे. आणि खरी मजा त्याच्या पुढे आहे. ८०२८ ला सीडीचं लेबल असतं, म्हणजे बर्न करताना कुणी जे नाव टाकलं असेल ते, आणि ८३२डी ला बहुतेक वेळा तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस, सरळ वाचता येईल अशी. म्हणजे जी फाइल बिननावाची म्हणून कचऱ्यात चालली होती तीच आपलं नाव आणि तारीख सांगते.

फाइल पूर्ण आहे की तुटलीय तेही कळतं. ८०५० ला क्लिक करून एचएक्सडीच्या डेटा इन्स्पेक्टर या चौकटीत ३२ बिटचा आकडा बघा, सीडीत एकूण किती ब्लॉक आहेत त्याचा तो आकडा आहे, त्याला २०४८ ने गुणा. फाइलचा साइज त्यापेक्षा बराच कमी भरला तर शेवटचा भाग तुटलाय, पण म्हणून सगळंच गेलं असं नाही, सुरुवातीकडच्या फाइली बऱ्याचदा निघतात.

लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या व्हीसीडी असतील तर थोडं वेगळं. त्यात व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट डेटा असतो, २०४८ च्या मापात तो बसत नाही, म्हणून नीट घेतलेली इमेज २३५२ बाइटच्या कच्च्या सेक्टरांची असते. तिची सुरुवात ओळखायला सोपी, ००, मग दहा वेळा एफएफ, मग परत ००. अशा फाइलीत सीडी००१ हे ९३१९ ला शोधायचं. नीरो या सीडी बर्न करायच्या प्रोग्रॅमने बनवलेल्या एनआरजी इमेज फाइलीची खूण मात्र शेपटाकडे असते, एनईआर५ अशी (जुन्या व्हर्जनला नुसतं नीरो), त्यामुळे शेपूट तुटलं की ती खूण पण जाते. गाण्यांच्या ऑडिओ सीडीच्या ‘.बिन’ अशा शेवटाच्या इमेज फाइलीत तर अशी कुठली खूणच नसते, सगळा नुसता आवाजाचा डेटा, म्हणून तिच्यासोबतची छोटी क्यू फाइल जपलीच पाहिजे, कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

लिनक्स वापरणाऱ्यांना ‘फाइल’ या कमांडने यातल्या बऱ्याच गोष्टी एका ओळीत कळतात.

माझी विनंती अशी की ग्रंथालय संचालनालयाने ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात याला अर्धा तास तरी द्यावा, यात शिकायला कठीण असं काही नाहीये. आणि ज्यांच्याकडे आज अशा सीएचके फाइली पडून असतील त्यांनी आधी त्या जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्याव्या, मूळ डिस्कवर काही नवीन टाकू नये आणि जे काही तपासायचं, नाव बदलायचं ते कॉपीवरच करावं.

आपला,
एक वाचक, मिरज