काका, त्या घमेल्यातल्या पाच मास्कांबद्दल

प्रिय काका,

एप्रिलमध्ये तारकर्लीला तुमच्या खळ्यात येऊन बसलो, तेव्हा माझ्या खिशात एक यादी होती. मास्क, स्नॉर्कल, फिन्स, वेटसूट, बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारी वस्तू). शहरातल्या एका दुकानाने ‘नवशिक्यांचं पॅकेज’ म्हणून काढून दिलेली; अ‍ॅडव्हान्स तेवढा द्यायचा राहिला होता. स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सचे दोन दिवस झाले होते आणि मी स्वतःला डायव्हर समजायला लागलो होतो. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, “पयला तुजा तोंड बघूया, मगे मास्क.”

मग घमेल्यातून पाच मास्क काढलेत. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. पहिले तीन पटापट मांडीवर पडले. त्यातला एक यादीतला, सगळ्यात महागाचा! चौथा मिशीपाशी हवा घेत होता. पाचवा, दिसायला सगळ्यात जुनाट, दोन काचांचा, असा चिकटला की श्वास सोडेपर्यंत हलला नाही. मिशी नाकाखाली थोडी कोरून घे, म्हणजे आणखी बसेल, असंही सांगितलंत. (घरी बायकोने कारण विचारलं. सांगितलं, तरी तिला पटलेलं नाही.)

पोहण्याचा गॉगल का चालत नाही, हा माझा प्रश्न बावळटच होता, पण तुम्ही हसला नाहीत. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडली नाही, तर तो डोळे ओढायला लागतो. गॉगलमध्ये नाकच बाहेर, मग हवा सोडणार कुठून? माझा नंबर उणे चार. दोन काचांच्या मास्कमध्ये नंबरच्या काचा बसवून मिळतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. तोवर मी चष्मा घालूनच मास्क लावायचा विचार करत होतो.

बाकी यादीवर तुम्ही पेन फिरवलंत. फिन्स राहिल्या, त्याही टाच उघडी असलेल्या, बुटांवर चढवायच्या. खडकावरच्या कालवांनी पाय कसे कापतात ते तुमच्या तळव्यावर दिसतंच. वेटसूट भाड्याने घे म्हणालात, फक्त मानेशी आणि कमरेच्या खळगीत सैल नको, तिथूनच पाणी खेळतं. रेग्युलेटरवर मात्र मी हटून बसलो. तुमचाच जुना विकत द्या म्हणालो. तुम्ही सरळ नाही म्हणालात. त्याची सर्व्हिसिंग राहिली होती आणि “श्वासाची वस्तू अशी देऊची नाय.” पैसे मी खिशातून काढलेही होते, काका. तेव्हा थोडा रागच आला होता.

त्याऐवजी भाड्याचा रेग्युलेटर कसा तपासायचा ते शिकवलंत: तोंडात धरून तीन-चार मोठे श्वास घ्यायचे आणि नजर गेजच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या, काट्यावर ठेवायची. आम्ही नंतर अंदमानला, स्वराज द्वीपला गेलो. बोटीवर सगळ्यांची घाई चाललेली. मी श्वास घेतला आणि 200 बारवरचा काटा दीडशेच्या खाली झुकला. सोडला, पुन्हा 200. पुन्हा घेतला, पुन्हा झुकला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेलाच नव्हता. वर नीट मिळणारी हवा अठरा मीटरवर, जिथे प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, तिथे अपुरी पडली असती. डाइव्हमास्टरने, म्हणजे आम्हाला पाण्यात नेणाऱ्या गाइडने, काही न बोलता व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. माझे हात मात्र पाण्यात उतरेपर्यंत थरथरत होते.

पॅकेज घेतलं असतं, तर माझ्याकडे चकचकीत रेग्युलेटर असता. काट्याकडे मी कशाला बघितलं असतं?

आता माझ्याकडे मास्क, बूट आणि फिन्स आहेत. पुढची खरेदी डाइव्ह कॉम्प्युटरची (पाण्याखालची खोली आणि वेळ मोजतो तो), पण आधी तुम्हाला दाखवून. डाइव्ह झाली की सगळं गोड्या पाण्यात भिजवतो, सावलीत वाळवतो. नवा मास्क धुक्याने भरू नये म्हणून आतून तुमच्यासारखीच पांढरी टूथपेस्ट घासली, दोनदा.

ती ट्यूब तुमचीच आहे. घाईत माझ्या बॅगेत आली. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये येतोय, तेव्हा नवी घेऊन येतो, जुनी संपली.

तुमचा,
मिशी कोरलेला विद्यार्थी