सईताई, ‘चमको’बद्दल आभार

आदरणीय सईताई परांजपे यांना
सप्रेम नमस्कार.

विनोदी लिहून पोट भरणाऱ्यांतला मी एक. टीव्हीसाठी प्रहसनं लिहितो. आमच्याकडे दर दुसऱ्या वाक्याला पंच लागतो. नाही सुचला तर कुणाच्या जाडीवर, रंगावर, नाहीतर बायकोच्या माहेरावर घसरायचं, असा रिवाजच आहे. त्यातून मला तुम्ही बाहेर काढलंत, म्हणून हे पत्र.

२०१३च्या एप्रिलमध्ये ‘चश्मेबद्दूर’ पुन्हा थिएटरात लागला. रिमेकही त्याच दिवशी आला होता. मी गेलो तुमच्या, १९८१च्या सिनेमाला. दीप्ती नवल दारोदार ‘चमको’ पावडर विकत फारुख शेखच्या घरी येते. मळका कपडा मागते, बादलीत फेस करते आणि कंपनीने घोकून घेतल्यासारखं पावडरचं कौतुक सांगत राहते. तिच्या तोंडी सगळी पावडर, आणि हा गडी तिच्याकडे बघत बसलेला. प्रेमाबिमाचं कुणी नावही काढत नाही. थिएटर खुदखुदत होतं. नंतर तो प्रसंग थांबवून थांबवून मी कागदावर उतरवला, तर सुटा काढून सांगावा असा विनोद त्यात हाती लागेना!

पात्रांच्या हाताला काम द्यावं आणि बोलणं त्या कामाचंच ठेवावं, हे मला तिथे कळलं. पुढे एका भांडखोर जोडप्याचं प्रहसन अडलं होतं. सगळ्या कोट्या काढून टाकल्या. बायकोने अबोला धरलाय, दारात सिलिंडरवाला उभा आहे आणि ओटीपी आलाय तिच्या फोनवर. बस्स. वाचनालाच नटमंडळी हसायला लागली.

तुमचा संवादांचा कान पुणे आकाशवाणीवर तयार झाला असावा, असं मला आपलं वाटतं. मग राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दूरदर्शन. ‘स्पर्श’च्या पटकथेला तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंध मुख्याध्यापकाची गोष्ट, पण कीव करायला तो कुणाला जागाच देत नाही.

तुमचा ‘कथा’ सिनेमा मात्र मी अजून शिकतोच आहे. शं. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून तुम्ही ती चाळ उभी केलीत. फारुखचा बाशू थापा मारत अख्खी चाळ खिशात घालतो, नसीरुद्दीनचा राजाराम सगळं बघत गप्प राहतो, आणि शेवटी बाशू सहीसलामत सटकतो. असं लिहून नेलं तर आमचे निर्माते पहिला प्रश्न विचारतील, ‘त्याला धडा कुठे शिकवलाय?’ त्या थापाड्याला इतकं लाघवी ठेवायला काय धाडस लागलं असेल, ते लिहायला बसल्यावर कळतं.

एक तक्रारही सांगून टाकतो. ‘चश्मेबद्दूर’च्या शेवटाला ती पळवापळवी मला आजही लांबलेली वाटते. रागावू नका. फारुखचे मित्र ओमी आणि जय त्या मुलीला पटवल्याच्या फुशारक्या घरी येऊन मारतात, तो भाग मात्र कितीही वेळा बघेन. तोंडावर आपटलेत हे आपण पाहिलेलं असतं, तरी दोघांचा राग येत नाही.

पुढच्या महिन्यात काही नवी लिहिती मुलं माझ्याकडे शिकायला बसणार आहेत. पहिल्याच दिवशी त्यांना ‘चमको’चा प्रसंग आवाज बंद करून दाखवणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

आपला नम्र,
एक प्रहसनकार